निरोप घेतला आणि मोटरसायकल अडकली

फरीदाबादच्या एका घराच्या व्हरांड्यात विकायला काढलेली ती मोटरसायकल उभी होती. टाकीला गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली, इंजिन जाम. मला ती बघताक्षणी हवीहवीशी झाली. कॉलेजात असताना अशीच गाडी मित्राकडे होती आणि मी ती फक्त पुसायचो. पन्नाशी उलटल्यावर ती हौस पुन्हा उफाळून आली.

मालक कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. ते गाडीबद्दल भरभरून बोलत होते, मी माना डोलावत होतो. मागे उभी असलेली माझी बायको खोकली. तो खोकला मला चांगला ओळखता येतो. आमच्या सोसायटीत कार लावायलाच रोज भांडणं, माझा गुडघा दुखरा, आणि एवढी जुनी गाडी दिल्लीच्या रस्त्यावर काढायची म्हणजे वेगळे कागद, वेगळी धावपळ. नको, हे मला कळत होतं. पण तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी हात जोडले, म्हणालो, "अच्छा, आता हूँ।"

कारमध्ये बसल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना परत येतो म्हणून सांगितलंत."

"छे! मी निरोप घेतला."

"मराठीत घेतलात. ऐकणाऱ्याला फक्त हिंदी येतं."

निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे घरात लहानपणीच बजावलेलं. अर्धा जन्म दिल्लीत गेला तरी ते सुटत नाही. पुढच्याच आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला. "और लोग भी आए थे जी। मैंने लौटा दिए। कहा, साहब ज़बान देकर गए हैं, आ रहे हैं।"

माझ्या एका शब्दापायी बिचाऱ्यांची गिऱ्हाइकं गेली होती. फोनवर नाही म्हणवेना, म्हणून रविवारी मेट्रोने एकटाच गेलो. वाटेत नकाराची वाक्यं घोकली आणि दारात सगळी विसरलो. "माफ़ कीजिए, मैं नहीं ले पाऊँगा," एवढंच कसंबसं म्हणालो.

ते वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले. मला वाटलं, आता ऐकवणार. पण ते हसायलाच लागले.

"शुक्र है," ते म्हणाले. "बेचनी मुझे थी ही नहीं। बेटा पीछे पड़ा है, जगह चाहिए। आपके नाम पर सबको टाल रहा था। उसे मना करना मुझसे होता नहीं।"

माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. नाही म्हणता न येणारा मी एकटाच नव्हतो. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात मुलगा आला. चांगला धिप्पाड, बापाचं डोकं जेमतेम त्याच्या खांद्याला लागेल असा. त्याने मला नमस्कार केला. "अंकल, कब ले जा रहे हैं?"

गृहस्थांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण हे काम त्यांचंच होतं.

"कोई नहीं ले जा रहा," ते म्हणाले. "मुझे नहीं बेचनी।"

मुलाने गाडीच्या गंजक्या टाकीवरून हात फिरवला. "तो पहले बोल देते, पापा," तो म्हणाला. "मैं तो समझा, आपसे अब सँभलती नहीं।"