थरथरता रुपया

बाबा गेले ते सेलूच्या बाजारात अठरा वेगवेगळे ₹ मागे ठेवून.

आज वर्ष झालं.

शाळेतून रिटायर झाल्यावर आमच्या या गुरुजींना नवीन नोकरी लागली होती. बिनपगारी. आठवडी बाजारात भाजीवाल्या बायांना भावाचे पुठ्ठे लिहून द्यायचे.

वारा सुटला की पुठ्ठे उडून एकमेकांत मिसळायचे. बऱ्याच जणींना भाव तोंडपाठ, पण लिहिलेला आकडा वाचता येत नव्हता.

म्हणून बाबांनी प्रत्येकीला वेगळा ₹ काढून दिला. एकीचा लांब शेपटीचा, एकीचा ढेरपोट्या, एकीच्या दोन्ही रेघा नागमोडी. जी ती आपला रुपया पाहून पुठ्ठा उचलायची.

मी अतिशहाणी. सिंदी मेघेच्या दुकानातून सगळ्यांचे पुठ्ठे कॉम्प्युटरवर छापून, लॅमिनेट करून आणले. एकसारखे, सुंदर!

पहिल्याच वाऱ्यात वांग्यांवर कोथिंबिरीचा भाव लागला. गिऱ्हाइकं खूश, बाया माझ्यावर भडकलेल्या.

बाबा पोट धरून हसले. "तुया कॉम्प्युटरले बाया ओळखता येत नाई, पोरी."

मग बाबांचा हात थरथरायला लागला.

जन्मभर पोरांकडून सरळ रेघा गिरवून घेतलेला माणूस. त्याला लाज वाटली. बाजारात जाणं बंद. दिवसभर नुसते खिडकीशी बसून. मला फार भीती वाटायची तेव्हा.

तिसऱ्या आठवड्यात वांगीवाल्या कमलाबाई टोपलीसकट थेट घरी.

"गुरुजी, काऊन येऊन नाई राह्यले?"

"हात थरथरते वो बाई. रुपया वाकडा येते."

"मंग तो मले द्या. तसा कोणापाशीच नाई."

बाबांनी काढला. रुपयाला जणू थंडी वाजत होती.

पुढच्या बाजारी बाबा हजर! आणखी चौघींनी तसाच मागितला. कमलाबाईंनी एकीलाही मिळू दिला नाही.

मग शेवटपर्यंत बाबांचा एकही बाजार चुकला नाही.

आज मी मुद्दाम बाजारात गेले. कमलाबाईंच्या वांग्यांत तोच थरथरता ₹. पण पुठ्ठा कोरा करकरीत.

"हा कोणी काढला, मावशी?"

"मीच. जुना पाहू पाहू."

"पण तुमचा हात तर चांगला आहे."

त्यांनी मार्कर उचलला आणि हात मुद्दाम थरथरवून दाखवला.

"असा हालवा लागते. तवाच गुरुजीचा येते."

मी भर बाजारात रडले. मग दोघीही हसत सुटलो.

बाबा, तुमचा हात अजून बाजारात आहे.

त्याला मनापासून नमस्कार.