धाकटी बोलली

लॅबमध्ये सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. अवकाशयानांच्या पोटातल्या वायरी जोडणं हे तिचं काम. हात इतका सफाईदार, की जोड शोधून काढावा लागे. नवरा शिंपी. तो चिडवायचा, “तुझं बरं आहे, तुझं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही!”

नेपच्यूनकडे तीन छोटी यानं निघाली, एकेक शिलाई मशीनच्या टेबलाएवढं. तिन्हींच्या वायरी ताईच्या हातच्या. थोरली, मधली आणि धाकटी ही नावंही तिनेच पाडलेली. तिथे निरोप पोचायलाच चार तास लागतात. त्यामुळे काही अडलं तर इथे विचारत बसायची सोय नव्हती. आपला निर्णय आपणच घ्यायचा, असं त्यांना शिकवून पाठवलं होतं.

वर्षं गेली. ताईच्या केसांत पांढरं डोकावू लागलं. नेपच्यून जवळ आला आणि नेमकी तेव्हाच धाकटी गप्प झाली.

तिथल्या थंडीत आपलाच एखादा जोड सुटला असेल, हे ताईच्या डोक्यातून जाईना. मोहिमेच्या प्रमुख बाई तिला म्हणाल्या, “ताई, कारण कळल्याशिवाय स्वतःला बोल लावून घेऊ नका.”

“पण कारण कळणार कसं, मॅडम? ती बोलेल तेव्हाच ना?”

बाईंनी धाकटीला पुन्हा एक हाक पाठवायला सांगितलं.

घरी ताईचं जेवणात लक्ष नसे. नवऱ्याने चिडवणं सोडून दिलं, त्याचं तिला जास्तच वाईट वाटलं.

काही आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, प्रमुख बाईंचा फोन आला. “ताई, असाल तशा या!” ती केस न विंचरताच धावली.

थोरलीच्या रोजच्या निरोपाला एक शेपूट जोडून आलं होतं. ते धाकटीचं होतं. तिच्या मोठ्या अँटेनाची मोटर थंडीने अडकली होती. पृथ्वीकडे तोंड वळेना, तेव्हा तिने तो नाद सोडला, वीज वाचवली, जवळच्या थोरलीला छोट्या अँटेनावरून हाका मारल्या आणि आपलं सगळं काम तिच्या हवाली केलं. फोटोसुद्धा! हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने भीत भीत विचारलं, “आणि वायरी?”

“एकूण एक ठणठणीत,” बाई म्हणाल्या. “अडकली ती आम्ही निवडलेली मोटर. म्हणजे बोलणी खायची पाळी आमची!”

मिळेल त्या खुर्चीत ताई बसली आणि तिने घरी फोन लावला.

“अगं, रडतेस की हसतेस?” नवरा घाबरला.

“दोन्ही. धाकटी बोलली! आणि ऐक, सडकून भूक लागलीय. वाढून ठेव, आलेच मी.”