अडीच तासांवरचा भाऊ

पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळी गल्ली ताईच म्हणायची. तिचं लग्न राहूनच गेलं. आई गेली, मागोमाग अण्णा अंथरुणाला खिळले, आणि धाकटा भाऊ परदेशी नोकरीला गेला तो गेलाच. अण्णांना पुसून, भरवून ती कामावर जायची आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांची कूस बदलायला धावत घरी यायची.

भाऊ फोनवर सांगे, इकडून यायचं म्हणजे दीड दिवस मोडतो, दोन विमानं बदलावी लागतात, एक चुकलं की संपलंच. ताईने विमानतळाचं दारही पाहिलेलं नव्हतं, ती काय बोलणार? शेजारच्यांनी पोराचं नाव काढलं की अण्णाच उसळत, तो काय पलीकडच्या गल्लीत राहतो का म्हणून.

अण्णांनी अन्न सोडलं तेव्हा तिने फोन केला. निघतोच, असं भाऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, निघालोय. अण्णा डोळे मिटूनच विचारत, "कुठवर आला?"

"पहिल्या विमानातून उतरला, अण्णा. दुसऱ्याची वाट बघतोय."

तेवढ्यावर त्यांनी दिवसभर जीव धरून ठेवला. संध्याकाळी गेले. भाऊ आलाच नाही. तिकीट मिळालं नाही म्हणाला.

वर्ष उलटायच्या आत त्याचा फोन आला, आवाजात साखर घोळलेली. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि हाताखाली कुणी नव्हतं. पासपोर्ट, तिकीट, सगळं त्याने चुटकीसरशी जमवलं.

ताईने दीड दिवसाची शिदोरी बांधली. विमानात खाणं आलं, रिकामी ताटं उचलतात न उचलतात तोच विमान खाली झुकलं. दारातल्या हवाईसुंदरीला तिने दुसरं विमान कुठे लागतं ते विचारलं.

"दुसरं कशाला? पोचलात की तुम्ही."

मागचे गृहस्थ हसले. ते या वाटेने नेहमीच जा-ये करत. अडीच तासांचं तर अंतर, म्हणाले, रोज सकाळ-संध्याकाळ थेट विमान आहे, आजचं नाही, कित्येक वर्षांचं.

बाहेर भाऊ गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. ताईने पिशवी खाली ठेवली.

"अण्णा सारखे विचारत होते, कुठवर आला. मी त्यांच्यासाठी तुझी विमानं बदलत बसले होते."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "येऊन मी काय करणार होतो? तुला त्यांची सवय होती. चल, पार्किंगचे पैसे वाढतायत."

ती तिथूनच माघारी फिरली असती, पण परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं आणि तिथली भाषा तिला येत नव्हती. ती राहिली. दुपटी धुतली, रात्री जागली, स्वयंपाक केला. भावजयीचे आईवडील त्याच विमानाने शनिवारी बाळ बघायला आले नि रविवारी परत गेले. भाऊ हसतमुखाने त्यांना आणायला आणि सोडायला गेला.

बाळ बसायला लागलं तेव्हा पाळणाघर मिळालं, आणि ताईला तिकीट.

दुकानात तिच्या मशीनवर दुसरी बाई बसलेली होती. मालकाने तिला चहा पाजला, ख्यालीखुशाली विचारली, कामाचं काही काढलं नाही. आता घरी अण्णांची खाट होती तिथे ती जुनं मशीन मांडून लोकांच्या पँटी आखूड करून देते. भावाचा फोन आला तर उचलते, बाळाचं तेवढं विचारते आणि ठेवून देते.