फक्त नवराबायकोंसाठी

जळगाव-धुळ्याच्या अख्ख्या टापूत, नवराबायकोंनी एकमेकांशी दोन शब्द बोलावेत म्हणून पदरमोड करणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा नवरा. पिंप्राळ्यात राहायचे आणि सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. नकाशा काढल्याशिवाय त्यांना कोणतीही गोष्ट खरी वाटत नसे. घरातल्या फडताळाचासुद्धा त्यांनी नकाशा केला होता, वर उत्तर दिशेचा बाण आणि खाली 'तिखट' व 'हळद' यांच्या सीमारेषा. एकदा अक्कांनी मेथी आणायला पाठवलं, तर हे बाजारातल्या भाजीवाल्यांची जागा टिपत बसले. परत आले तोवर अक्कांचं पिठलं होऊन जेवणंही उरकली होती. साडूंनी गार पिठल्याबरोबर भाकरी खाल्ली आणि नकाशा अक्कांना भेट दिला.

तर या गृहस्थांनी एका उन्हाळ्यात खेळ काढला. पोरांचा नव्हे, मोठ्यांचा. सापशिडीसारखा पट, दोन सोंगट्या, एक फासा आणि पत्त्यांचा जुडगा. ज्या घरात सोंगटी जाईल तिथला पत्ता उचलायचा आणि त्यावरचं करायचं. 'बायकोला नावाने हाक मारा.' 'नवऱ्याच्या कोणत्या सवयीचा राग येतो ते न रागावता सांगा.' पुढे पुढे पत्ते जरा धीट होत जात. एकावर 'हात हातात घ्या, सोडू नका' असं होतं, आणि त्यापुढचे मी इथे लिहीत नाही. नियम पहिला: मुलांना आत्याकडे पाठवावे.

"हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"साडूभाऊ, लग्नाला अठरा वर्षं झाली. हिचा आवडता रंग मला माहीत नाही. विचारला, तर म्हणते, तब्येत बरी आहे ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक जरी जोडपं खेळलं ना, तरी मी भरून पावलो." ते एक जोडपं कोणतं हवं होतं, हे मला कळत होतं. अक्कांनी मात्र पटाकडे एकदाच पाहिलं आणि "हाई काय खूळ शे?" म्हणून त्यावर परात ठेवली.

छपाईला पैसे हवेत म्हणून ते बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी पत्ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पाचव्या पत्त्याला शिपायाला बाहेर पाठवलं, उरलेले मनातल्या मनात वाचले आणि कर्ज नामंजूर केलं. नमुन्याचा संच मात्र ठेवून घेतला. मग साडूंनी आपल्याकडच्या स्मरणिकांची रीत धरली. आधी वर्गणी द्या, खोक्यावर आश्रयदाते म्हणून नाव छापतो. वर्गणी सगळ्यांनी दिली, नाव छापायला एकही तयार होईना. शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून खोकी आली, तेव्हा त्यांवर यादी होती: एक हितचिंतक, पारोळा. एक हितचिंतक, धरणगाव. एक हितचिंतक, चोपडा. असे चाळीस हितचिंतक. त्यांत एक मी. कोण कुठला ते सगळ्या कचेरीला पाठ होतं, ते सोडा.

खरी परीक्षा खपवण्यात होती. धुळ्याच्या एका दुकानदाराने आठवड्याने गठ्ठा परत केला. म्हणाला, "लोके लाजतस भाऊ. गल्लीमा कोन्ही दखी लिधं म्हंजे?" हे साडूंना पटलं. कुणाला दिसू न देता खेळ घरात पोचायला हवा. त्यांनी जळगावच्या एका भांडेवाल्याला गाठलं आणि ठरवलं, की लग्नसराईत आहेराला जे स्टीलचे डबे जातील, त्या प्रत्येकात एक खेळ घालायचा. भांडेवाल्याला डब्यात काहीतरी फुकट द्यायला मिळालं आणि साडूंना नवी कोरी जोडपी. दीडशे खेळ महिन्याभरात गेले. साडूंनी लगोलग जिल्ह्याचा नकाशा काढून गावोगाव टिंबं दिली. इतका खूष माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पण कुठून अवाक्षर नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पुढच्या उन्हाळ्यात जामनेरला एका लग्नात आम्हां दोघांना आहेर मिळाला. त्यांना डबा, मला टोपी. त्यांच्या घरी येऊन त्यांनी झाकण उघडलं, तर आत त्यांचाच खेळ. दोरासुद्धा सुटलेला नव्हता. आपल्याकडे आहेराचा डबा कोण उघडतो? तो माळ्यावर जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या हातात. नवराबायको सोडून दीडशे खेळ नुसते वऱ्हाडात हिंडत होते. साडूंच्या स्वतःच्या माळ्यावर असे अकरा डबे होते, तरी हे त्यांच्या नकाशात बसलं नव्हतं.

साडूंनी खेळ काढून समोर ठेवला. मला फार वाईट वाटलं. अक्का आतून आल्या, त्यांनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली बसून दोरा सोडला आणि फासा टाकला. मी आणि बायको उठायला लागलो तर "बसा हो, तुम्ही काय परके?" म्हणाल्या. पत्ता निघाला: 'आजवर न सांगितलेली एक गोष्ट सांगा.'

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लगीनना आठ दिन पहिले माले डी.एड.नं बोलावनं येल व्हतं. मी चूलमा टाकी दिनं."

माझ्या बायकोलाही, म्हणजे सख्ख्या बहिणीला, हे ठाऊक नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?" साडू म्हणाले.

"तुम्ही कधी इचारंच नही."

साडूंनी सोंगटी पुढे सरकवली नाही. त्यांनी विचारलं, "काय शिकवलं असतं?" आणि अक्का म्हणाल्या, "भूगोल." नकाशे काढणारा माझा साडू त्यावर हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

त्यानंतर त्यांनी खेळ खपवायचं सोडून दिलं. आता निवृत्त होऊन दोघं तिथेच असतात. फोन केला की सांगतात, "साडूभाऊ, पत्ते कधीच संपले. आता नुसतंच विचारतो. कालही एक नवीन कळलं." मी फोन ठेवतो. समोर माझी बायको शेंगा सोलत बसलेली असते. तिलाही काहीतरी विचारावं असं फार वाटतं. पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, आणि मी विचारतो, "चहा टाकतेस का?"