अप्पांची पहिली अर्जी

तुळजापुरात आमचं ओटीच्या खणांचं दुकान होतं आणि माझे वडील महांतप्पा हे त्या बाजारातलं सगळ्यात हट्टी माणूस. देवीच्या ओटीत जाणाऱ्या खणाचा एक धागा जरी तुटलेला दिसला, तरी ते तो खण विकत नसत. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालतंय की, मालक." अप्पा म्हणायचे, "तुला चालतंय. आईला न्हाय चालत." आणि खण परत फडताळात जायचा. लहानपणी मला त्या हट्टाचं कौतुक वाटायचं. पुढं त्याचीच चीड आली, ती आज म्हातारपणीही गेलेली नाही.

माझा धाकटा भाऊ शरणबसप्पा, आमचा शरणू, सत्तेचाळीस साली दिवाळीच्या तोंडावर सत्याग्रहात पकडला गेला. निजामाच्या पोलिसांनी त्याला परजिल्ह्यातल्या तुरुंगात नेऊन टाकलं. सुटकेची अर्जी करायची तर ती उर्दूत हवी, आणि कचेरीपुढं बसणारे अर्जनवीस सत्याग्रह्याचं नाव ऐकलं की कागद बाजूला सारायचे. अप्पांना उर्दू बोलता यायचं, लिहिता नाही. वय चोपन्न. तरी ते मदारसाबांच्या ओट्यावर जाऊन बसले.

मदारसाब आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. एके काळी त्यांनी छापखान्यांसाठी सुरेख अक्षरात पुस्तकंच्या पुस्तकं लिहून दिली होती. आता हात इतका कापायचा, की कपातला चहा बशीत आणि बशीतला दाढीवर. ते म्हणाले, "मेरा हात तो गया, महांतप्पा. तुमचा हाय ना अजून? शिकवतो."

महिनाभर त्यांनी अप्पांना एकच अक्षर दिलं, अलिफ. म्हणजे एक उभी रेघ. लाकडी तख्तीला शाडूचा लेप द्यायचा, बोरूनं त्यावर लिहायचं आणि संध्याकाळी सगळं धुऊन टाकायचं. शाई मी करायची, दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकात घोटून. अप्पा उजवीकडून लिहायला लागले की मनगट ओल्या ओळीवरनंच फिरायचं आणि बाही काळी व्हायची. मी चिडवायची, "अप्पा, ह्यो अलिफ हाय का दुकानातला वाकडा गज?" ते हसायचे, पण तख्ती पुन्हा घ्यायचे. त्यांच्या डोक्यात एकच होतं. साहेबाला अक्षर आवडलं तर साहेब पोराला सोडेल. आमची आई, अव्वा, जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून शरणूला अप्पांनीच हातावर वाढवलं होतं.

चैत्रात तेर गावचा बलभीम त्याच तुरुंगातून सुटून आला. दारातूनच म्हणाला, "शरणू तापानं पडलाय, काका. अन्न जाईना. लवकर काय तरी करा."

त्याच दुपारी अप्पांनी अर्जी लिहिली. मदारसाब मजकूर सांगत होते, अप्पा श्वास रोखून अक्षर ओढत होते. शेवटच्या ओळीला बोरूतून शाई गळली. मदारसाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हो गया. जाके दे आओ."

"डाग पडला," अप्पा म्हणाले.

"पडू दे ना."

"असा खण मी कुणाच्या ओटीत घातला न्हाय. पोराच्या जिवासाठी घालू व्हय?"

आणि ते दुसरी लिहायला बसले. मग तिसरी. एका दिवशी ओळ उतरली, एका दिवशी अक्षराचं पोट बसकं आलं. मी भांडले, रडले, एकदा तर दौत लपवली. नवव्या दिवशी बिनडागाची अर्जी झाली आणि अप्पा ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून धाराशिवला गेले.

कचेरीत काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कागद पेशकारानं, साहेबांच्या कारकुनानं, घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. साहेब डोळे मिटून कान कोरत होते. अर्जीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बीमार है तो छोड दो." हुकूम लगेच हातात पडला.

तो घेऊन अप्पा दुसऱ्या दिवशी तुरुंगाच्या दारात पोचले. शरणू जाऊन चार दिवस झाले होते. आम्ही लिंगायत, आमच्यात गेलेल्या माणसाला मातीत बसवतात, त्याचं गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवून. शरणूला तुरुंगवाल्यांनी जाळलं होतं. ते लिंग पुडीत बांधून अप्पांच्या हातावर ठेवलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "नीलम्मा, ती पयली अर्जी कुठं हाय गं? वाचता येत हुती का ती?"

"चुलीत घातली," मी म्हणाले. "लई डाग हुते, अप्पा. कुणाला काय बी वाचता आलं नसतं."

त्यांनी मान हलवली. "मग बरं," म्हणाले. ते आणखी अकरा वर्षं जगले, पण बोरू पुन्हा हातात धरला नाही. ती अर्जी वाचता येत होती का, हे मदारसाबांना विचारायचीही सोय पुढं राहिली नाही. त्याच वर्षी भादव्यात, पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, त्यांच्या घराला कुलूप लागलं ते कायमचंच.

अर्जी चुलीत गेलेली नव्हती. अप्पा गेल्यावर मी ती ट्रंकेतून काढली आणि धाराशिवच्या एका उर्दू मास्तरांपुढं ठेवली. त्यांनी ती कुठंही न अडखळता वाचली. मी विचारलं, "आणि डागाखाली काय हाय?"

"डाग कडेला आहे, बाई. अक्षरावर नाही."

मी कागदाची घडी घातली. पहिल्याच दिवशी तो मी अप्पांच्या नकळत उचलून ठेवला होता. बलभीम दुसऱ्या सकाळी धाराशिवला जाणार होता, त्याच्या हाती देईन असं ठरवलं होतं. तो दारात आला, पाणी पिऊन गेला. अप्पा ओरडतील म्हणून मी दिला नाही.