कॅमेऱ्यात न आलेला बैल

बैल पळत असेल तर तो दिसावा, एवढंच माझं म्हणणं आहे. शंकरपटाचं लाइव्ह दाखवणाऱ्या चॅनलला मी हे लिहून कळवलं, फोन करून कळवलं आणि एकदा त्यांचा कॅमेरावाला डोंगरकडा गावच्या बाजारात भेटला, तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवून तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आमी तर सगळंच दाखवतो." त्यात खोटं काही नव्हतं. बैल सोडून ते सगळंच दाखवतात.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपतात, आखलेल्या पट्ट्यावरून ती एकटीच पळते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. ज्या जोडीला सगळ्यात कमी वेळ लागला ती पहिली. एक धाव म्हणजे तुम्ही डोळा चोळून हात खाली घेईपर्यंतचा खेळ. त्यामुळे कॅमेरावाल्याला काम फार नसतं. तेवढ्या वेळात फक्त बैलांकडे बघायचं असतं, आणि नेमकं तेवढंच त्याला जमत नाही.

कारण पट्ट्याच्या कडेला स्टेज असतं. स्टेजवर पाहुणे असतात, आणि पाहुणे आले की त्यांचा सत्कार आलाच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी येत राहतं, शाल आणि नारळ हातातून हातात फिरत राहतात. माईकवाला मधूनच म्हणतो, "कॅमेरामन, जरा स्टेजकडं घ्या," आणि कॅमेरा आज्ञाधारक जावयासारखा तिकडे वळतो. इकडे झेंडी पडलेली असते. आपण बघत असतो एका गृहस्थाच्या गळ्यात अडकलेला हार आणि ऐकत असतो लोकांचा आरडाओरडा. हार नीट बसला की कॅमेरा परत येतो, तोवर पट्ट्यावर फक्त धूळ.

समजा तेव्हा कुणाचा सत्कार नसला, तरी पडद्याच्या खालच्या बाजूला कुठल्यातरी नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. हात जोडलेला मोठा फोटो, आणि मागे हळदीच्या बॉयलरची जाहिरात. तो फोटो अशा बेताने लावलेला असतो की बैलांची शिंगं दिसतात, वशिंडं दिसतात, पाय दिसत नाहीत. पायच जर दिसणार नसतील तर बैल पळतोय की त्याला कुणी ट्रॉलीत घालून नेतंय, हे कळायचं कसं? मी हेही लिहून कळवलं होतं. त्यांनी मला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

मी एवढी तणतण करायला काही बैलांची शौकीन नाही. माझं माहेर वसमतचं, बाजारपेठेतलं. मला बैलाच्या दोन बाजूंपैकी कुठली कमी धोक्याची, तेवढंच कळायचं. हे सगळं मी बघायला लागले ते आत्यांमुळे. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात.

आमच्या पटाच्या जोडीतला धाकला आत्यांनी वाढवलेला आहे. तो जन्मला आणि त्याची गाय गेली. आत्यांनी त्याला चुलीमागच्या उबेत ठेवून बाटलीने दूध पाजलं. मी तेव्हा नवी सून होते, आणि घरात आल्यावर मला पहिल्यांदा जे लेकरू सांभाळायला दिलं ते हे. तो मोठा झाला, मामांनी त्याला पटाला काढला आणि त्याचं नाव सेनगावपर्यंत गेलं. आत्यांनी त्याला खाताना पाहिलं, झोपताना पाहिलं, पोट फुगून पडलेला पाहिला. पळताना कधी पाहिला नाही. पटाला बाया जात नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पाटी लावलेली नाही, नुसतं आजवर कुणी गेलेलं नाही.

पटावरून जोडी परत आली की आत्या धाकल्याच्या कपाळावरचा गुलाल पुसायच्या आणि मामांना विचारायच्या, "कसा पळाला?"

"दुसरा आला," मामा म्हणायचे.

"मी नंबर न्हाई इचारला. पळाला कसा ते इचारून राहिले."

"बराबर पळाला," मामा म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे. ह्या माणसाला पटावर तासभर बोलताना लोकांनी ऐकलंय. घरी त्यांचं सगळं वर्णन एका शब्दात आटपायचं.

यंदा दिवाळीनंतर धाकल्याच्या खुराला लागलं. बरा झाला, पण मामांनी सांगून टाकलं की हा हंगाम शेवटचा, पुढच्या साली त्याला पटाला नेणार नाही. त्या दिवशी आत्या जेवताना म्हणाल्या, "मंग मला तो पळताना कधी दिसावा?" दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या मागे लागून टीव्हीला इंटरनेट जोडून घेतलं.

हंगामातला पहिला पट आम्ही तिघांनी टीव्हीवर पाहिला, म्हणजे आत्या, मी आणि नवरा. नवरा घरी थांबला ह्याचं मला कौतुक वाटलं होतं, पण ते दुपारपर्यंतच टिकलं. त्याच्या मोबाईलात पैज लावायचं एक ॲप आलेलं होतं. त्याला ते जुगार म्हणत नाहीत, खेळ म्हणतात. नवराही खेळच म्हणायचा. ॲप कुठल्यातरी मोठ्या शहरात घोड्यांच्या शर्यतीसाठी बनवलेलं, त्यात घाईघाईने आमचे पट कोंबलेले. आमच्या जोडीच्या जागी एका तपकिरी घोड्याचा फोटो होता आणि वर चमकदार टोपी घातलेला स्वार. आत्यांनी चष्मा लावून बराच वेळ तो फोटो पाहिला. "ह्यो कोन?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "आपला धाकला." त्यांनी चष्मा काढला आणि मोबाईल त्याला परत दिला.

आमची जोडी लागायची वेळ झाली. टीव्हीवर माणसं अजून पट्टा झाडत होती, धाकला कुठे दिसतही नव्हता, आणि तेवढ्यात नवऱ्याचा मोबाईल वाजला, तुमचा घोडा हरला म्हणून. पाठोपाठ पटावरून मामांचा फोन, चौथे आलो म्हणून. हे लाइव्ह असं रेंगाळत येतं, की मैदानावरचे लोक बैल सोडून चहाला बसतात तेव्हा आम्ही इकडे श्वास रोखून धरतो. नवरा झालेल्या शर्यतीवर पैज लावत बसला होता.

"पळायच्या आधीच हरला व्हय?" आत्या म्हणाल्या. तरीही त्या पडद्यासमोरून हलल्या नाहीत. झेंडीवाला दिसला, छकड्याचं एक चाक दिसलं, आणि माईकवाला म्हणाला, "कॅमेरामन, जरा स्टेजकडं घ्या."

आमच्या घरात तक्रारींचं खातं माझ्याकडे आहे. मी ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. तुमची तक्रार आमच्यासाठी अनमोल आहे, असं एका मशीनने मला पुन्हा पुन्हा ऐकवलं, मग हिंदीतून एक मुलगी आली. तिने मला घोड्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, घोडा नाही, बैल आहे. ती म्हणाली, ठीक आहे मॅडम, बैल नावाचा घोडा ह्या शर्यतीत दिसत नाही. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे दिसत नाही आणि आमच्याकडेही दिसत नाही, माझी तक्रार तीच आहे. तिने माझं समाधान झालं का ते विचारलं आणि फोन ठेवला. नवऱ्याने ते ॲप मोबाईलमधून काढून टाकलं, निदान माझ्यासमोर तरी.

पुढच्या पटाला मी तयारी केली. कॅमेरावाल्याला सकाळीच फोन करून विनवलं, की बाबा, म्हातारं माणूस बघणार आहे, आमची जोडी लागली की कॅमेरा हलवू नको. तो हो म्हणाला. आत्या अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून टीव्हीपुढे बसल्या. जोडी लागली. धाकला दिसला, चांगला अख्खा दिसला, मान हलवत होता. आत्यांनी माझा हात धरला. झेंडी वर गेली आणि कॅमेरा वळला.

ह्या वेळी स्टेजवर मामा होते. पटाची जुनी सेवा म्हणून मंडळाने त्यांचा सत्कार काढला होता, आणि कॅमेरावाल्याने मला दिलेला शब्द आपल्या परीने पाळला होता. घरच्या माणसाचा सत्कार घरच्यांना दिसावा, असं त्याला वाटलं असणार. मामा शाल पांघरून उभे होते. त्यांची मान मात्र पट्ट्याकडे वळलेली होती आणि डोळे डावीकडून उजवीकडे सरकत गेले. धाकला पळाला तो आम्हाला मामांच्या डोळ्यांत तेवढा दिसला.

मला राग आला आणि रडूही आलं. चॅनलला नावं ठेवत मी उठले, पण आत्या बसूनच होत्या. "ह्या मान्साला अख्खं आयुष्य पाहून राहिले मी," त्या म्हणाल्या. "त्याला काहून दाखवतेत?" मग त्यांनी स्वतः रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. बटण कुठलं ते त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हंगामातला शेवटचा पट सेनगावच्या बाजूला होता. आदल्या संध्याकाळी मामा जीपवाल्याशी बोलत असताना आत्या ओसरीवरून म्हणाल्या, "मला पन एक जागा ठिवा." मामांनी फोन कानापासून बाजूला घेतला. पटाला बाया येत नाहीत, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं असावं. आत्यांचा चेहरा पाहून त्यांनी जीपवाल्याला सांगितलं, "आनखी एक मानूस हाय."

सकाळी आत्या, मामा आणि नवरा गेले. मलाही जायचं होतं, फार जायचं होतं, पण शेतात हळद शिजवायचा बॉयलर आलेला. तो एकदा आला की घरातलं कुणीतरी जागेवर लागतं, आणि कामावरच्या माणसांचं जेवण मला बघायचं होतं. मी भाकऱ्या थापता थापता टीव्ही लावला.

आमची जोडी लागली तेव्हा मी पिठाच्या हातांनी पडद्यासमोर येऊन उभी राहिले. पट्ट्याच्या कडेला दोर बांधलेला होता, त्याला खेटून टोप्यांची आणि उपरण्यांची रांग, आणि त्यात एकच हिरवं लुगडं. माईकवाल्याच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. त्याने कुणालातरी विचारलं आणि त्याचा आवाज चढला. "मंडळी, धाकल्याला बाटलीनं दूध पाजलं ती माउली आज मैदानात हाय. आईंनी स्टेजवर यावं. कॅमेरामन, जरा आईंकडं घ्या."

कॅमेरा वळला. मी टीव्हीला हात जोडले, की आत्या, आता मागे बघू नका.

पडद्यावर आत्यांची पाठ होती. माईकवाल्याने पुन्हा बोलावलं, त्या वळल्या नाहीत. शाल घेऊन एक पुढारी स्टेजवरून खाली आला आणि ती दोन्ही हातांनी उघडून त्यांच्या मागे उभा राहिला. तेवढ्यात आरडाओरडा उठला, डावीकडून जवळ आला, पुढून गेला. आत्यांची मान त्याच्याबरोबर फिरली. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. मी ह्या घरात आल्यापासून ते पांढरे केस चारचौघांत उघडे पाहिले नव्हते. पदर सावरायला त्यांचा हात वर गेला नाही. धूळ उठून पडद्यावर आली, तरी कॅमेरा त्या पाठीवरच होता. त्याला शिव्या द्यायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

धूळ बसल्यावर त्या वळल्या. डोळे वाहत होते, आणि शेजारी मामा होते. पुढाऱ्याने अखेर त्यांच्या खांद्यावर शाल पांघरली. माईकवाल्याने रिवाजाप्रमाणे माईक पुढे करून दोन शब्द बोलायला सांगितले. आत्यांनी माईकाकडे पाहिलं नाही, मामांकडे पाहिलं.

"पुढचे दोन्ही पाय संगंच उचलतो त्यो," त्या म्हणाल्या. "इतके साल इचारून राहिले, तुमी मला सांगितलंच न्हाई."