आधीच्या सुनेला विचारा

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या मुलीसाठी घर पाहायला जायचं ठरलं, की गाडीतली एक जागा माझी असते. मी गोंदियाजवळच्या मुर्रीत राहते, ब्लाउज शिवते, आणि माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं माझा नवराच चारचौघांत सांगतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. सोयरीक जुळवायला गोड बोलणारी माणसं पायलीची पन्नास मिळतात. वेळेला ती मोडायची तर एक तरी तिखट माणूस सोबत असलेला बरा.

माझी पद्धत साधी आहे. समोरची खोली सगळेच झाडून ठेवतात, म्हणून मी हात धुवायच्या निमित्तानं परसात जाऊन येते. घरच्यांना कमी आणि शेजाऱ्यांना जास्त विचारते. आणि त्या घरात आधी आलेली एखादी सून असेल, तर तिला सासूच्या नजरेआड गाठते. तिला 'सुखी आहेस का' असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण ती बिचारी हो म्हणणारच. मी आपलं विचारते, सकाळी काय रांधलं, बाजाराला कोण जातं, माहेरी कधी गेली होतीस. आणि बोलता बोलता तिच्या तोंडाकडे पाहत राहते. अशा चौकशीतून मी काही सोयरिकी मोडल्या आहेत, आणि त्यातल्या एकाही मुलीच्या आईनं नंतर मला शिव्या दिलेल्या नाहीत.

माझा धाकटा भाऊ बोदलकशाच्या तलावाकडच्या एका गावात शेती करतो. त्याला एकच मुलगी. तिनं नागपुरात हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा केला आणि गोंदियात स्टेशनजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागली. परदेशातल्या मोठ्या हॉटेलात काम करायचं, हे तिच्या डोक्यात शाळेपासून होतं. आम्ही हसायचो, पण ती इंग्रजी बोलायला शिकली, पासपोर्ट काढून आली, आणि आमचं हसणं हळूहळू बंद झालं.

दोनेक वर्षांपूर्वी, खळ्यावर धान चुरून घरात आलं होतं त्या दिवसांत, भावाचा फोन आला.

"बाई, पोरगी बँकॉकले जाऊन राहिली! नोकरी लागली तिले!"

मला इतका आनंद झाला की मी शिवणयंत्र तसंच सोडून मोपेड काढली. पोचले तर घरात पेढ्यांचा पुडा फुटलेला, भावजय लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती, आणि शेजारपाजारची माणसं येऊन भावाचं अभिनंदन करून जात होती. भावानं मला खाटेवर बसवलं आणि एकेक सांगायला लागला. तिकीट कंपनीचं, राहणं कंपनीचं, जेवण कंपनीचं. नोकरी फोनवर ग्राहकांशी बोलायची. एका 'एचआर सरां'नी मोबाइलवरच मुलाखत घेतली आणि तिथल्या तिथे निवडही केली.

"आपल्याले फक्त पोरगी नेऊन इमानात बसवाची आहे," भाऊ म्हणाला.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"हुंडा नाही, मानपान नाही, वरून पोरीच्या जाण्याचा खर्चबी तेच करतात," मी म्हटलं. "असं स्थळ आलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं, पोरात कायतरी खोट आहे."

"मंग?"

"बाई, हे लगन थोडीच होय?"

"पोरगी घरातून जाऊन राहिली ना? मंग चौकशी तेवढीच."

तेवढ्यात भाची आतून आली. तिनं मला नीट समजावून सांगितलं. जाताना टुरिस्ट म्हणून जायचं, कामाचा व्हिसा तिथं गेल्यावर कंपनी काढून देते. विमानतळावर कुणी विचारलंच तर फिरायला निघाले म्हणून सांगायचं.

"म्हणजे आधी नांदायला जा, लगन मागून लावू," मी म्हटलं.

ती चिडली. "आत्या, तुही सगळी दुनिया लग्नातच संपते."

संपते तर संपते. मी हट्ट धरला की त्या घरातल्या आधीच्या सुनेशी, म्हणजे तिथं आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी, मला बोलायचं आहे. भाचीनं नाक मुरडलं, पण सरांना निरोप पाठवला. सर एकदम तयार. 'जरूर, जरूर, आंटी को तसल्ली होनी चाहिए.' दुपारी व्हिडिओ कॉल आला. भाचीनं तो रेकॉर्डही केला, मैत्रिणींना दाखवायचा म्हणून.

पडद्यावर एक मुलगी दिसली. वय भाचीएवढंच. केस नीट विंचरलेले, ओठांना लाली, मागं जाड पडदा ओढलेला. तिनं हिंदीत पाठ केल्यासारखं सांगितलं, की कंपनी चांगली आहे, पगार चांगला आहे, सगळे घरच्यासारखं वागवतात. भाऊ माझ्याकडे बघून मान हलवत होता, की ऐक, ऐक आता.

मी माझ्या गोंदियाच्या हिंदीत सुरू केलं. "बेटा, आज खाना क्या खाया?"

"चावल।"

"किसने बनाया?"

ती थांबली. नजर फोनच्या बाजूला गेली आणि परत आली. "यहाँ मिलता है, आंटी।"

"बाजार जाती हो?"

"सब यहीं मिल जाता है।"

"अच्छा। जरा खिड़की खोल के बाहर का दिखा दो ना। हमने कभी परदेस देखा नहीं।"

ती हसली, पण उठली नाही. पुन्हा नजर बाजूला गेली. तिथं कोणीतरी उभं होतं, हे आता भावजयीलाही कळलं, कारण तिनं झाऱ्या खाली ठेवला.

मग मी विचारलं, "बेटा, माँ के घर कब गई थी?"

त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. डोळे भरून आले, आणि पडदा काळा झाला.

लगेच सरांचा फोन. नेटवर्कची अडचण आहे म्हणे. मी म्हटलं, नेटवर्क आल्यावर खिडकी दाखवा. तेव्हा त्याचा सूर बदलला. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाही तर ही जागा दुसऱ्या मुलीला जाईल, रांग लागली आहे. ही रांग मला चांगली ओळखीची आहे. ज्या मुलाकडचे 'आमच्याकडे स्थळांची रांग आहे' म्हणतात, त्यांच्या दारात मी दुसऱ्यांदा चहा पीत नाही.

"हमारे यहाँ लड़की भाग के नहीं जाती, पूछ के जाती है," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी जिंकले असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नव्हतं. भाची पेटली होती. माझ्या आयुष्यात एक संधी आली आणि तू ती खिडकीपायी घालवलीस, ती मुलगी घरच्या आठवणीनं रडली असेल, परदेशात कोण रडत नाही, असं बोलून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भाऊ खाली मान घालून बसला. मला भीती वाटली, आणि ती सांगायला मी लाजत नाही. मुलगी सज्ञान होती. पासपोर्ट तिच्या पेटीत होता, तिकीट फोनमध्ये आलं होतं. बांधून ठेवलं तर वासरूही दावं तोडतं. ती रागाच्या भरात गाडीत बसली असती तर आम्ही काय करणार होतो? त्या पडद्यामागच्या खोलीत मला भाचीच दिसायला लागली.

मी दाराशी जाऊन म्हटलं, "माह्यं ऐकू नको. त्या कंपनीच्या शेजाऱ्याले विचार. कंपनी खरी निघाली तर मीच तुले विमानात बसवून देतो, तुह्या बापाची पर्वा नाही करत."

मी त्या दिवशी घरी गेलेच नाही, तिथंच राहिले.

सकाळी भाची फोन घेऊन अंगणात येऊन बसली. कंपनीनं दिलेला पत्ता तिनं नकाशावर शोधला होता आणि त्याच्या शेजारीच एक हॉटेल आहे, हे तिला दिसलं होतं. तिनं तिथं फोन लावला. काय आवाज होता तिचा! गोंदियात पाहुण्यांना खोली देताना लावते तोच, मऊ आणि ताठ. इंग्रजी मला कळत नाही, म्हणून मी तिच्या तोंडाकडेच पाहत होते. आधी ती हसून बोलत होती. मग नुसतंच 'येस, येस' म्हणायला लागली. मग तेही थांबलं.

फोन ठेवून ती म्हणाली, "आत्या, त्या पत्त्यावर गाड्या धुवायचं दुकान आहे. कोणतं ऑफिस नाही. याच्या आधीबी आपल्याकडून असेच फोन गेले त्यांना. ती रिसेप्शनवरची बाई म्हणे, येऊ नको. पोरींना विमानतळावरून गाडीत बसवतात अन् सीमेच्या पार नेतात."

"पार नेऊन काय करतात?" भावजयीनं विचारलं.

"फोनवरून लोकांना फसवायला लावतात. अन् सोडत नाहीत."

भावजयीनं तिला कवटाळलं ते सोडेचना. भाऊ उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. आणि मी काय केलं? आदल्या दिवशीचा एकही वडा माझ्या घशाखाली उतरला नव्हता. मी ताट ओढलं आणि पोटभर जेवले. जन्मात इतकं गोड लागलं नसेल.

पुढचं सगळं भाचीनं केलं. ती स्वतः गोंदियाला पोलिसांच्या सायबर विभागात गेली आणि तो रेकॉर्ड झालेला कॉल त्यांना दिला. तिथल्या साहेबांनी तो दोनदा पाहिला. पुढं कळलं, की त्या मुलीच्या आईवडिलांनी दुसऱ्या राज्यात ती हरवल्याची तक्रार दिली होती आणि त्या कॉलवरून तिचा चेहरा जुळला. काही महिन्यांनी साहेबांनी भाचीला फोन करून सांगितलं, की आणखी काही जणांबरोबर तीही सुटून देशात आली. त्या दिवशी मी मुर्रीच्या आमच्या गल्लीत घरोघर पेढे वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर म्हटलं, मुलगी माहेरी आली.

इकडे भावाचं तोंड मात्र दुधानं पोळलं होतं, तो ताकही फुंकून प्यायला लागला. आता कुठं जाणं नाही, गोंदियात राहायचं असेल तर राहा, नाही तर लग्न कर. नातेवाईकही त्याच्याच बाजूनं. दुरून डोंगर साजरे, मुलीच्या जातीनं असे उद्योग करूच नयेत, आणि काय काय. भाची ऐकून घ्यायची आणि गप्प कामावर जायची. हॉटेलातून आली की जेवून झोपायची. मला तिचा तो गप्पपणा बघवेना. फसवणाऱ्यानं तिला नेलं नाही, पण तिचं स्वप्न तो घेऊन गेला असता तर जीत त्याचीच होती.

मी भावाला गाठलं. "एक स्थळ खोटं निघालं म्हणून पोरीले जन्मभर घरातच ठेवशील का?"

"बाई, तूच तर मोडलीस."

"वाईट स्थळ मोडलं. जाणं नाही मोडलं."

भांडण मोठं झालं. भावानं माझ्याशी बोलणंच टाकलं. पण भाचीनं ऐकलं होतं, आणि ती पुन्हा कामाला लागली. या वेळी व्हिएतनाममधलं समुद्राकाठचं एक हॉटेल होतं, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना आपल्याकडची माणसं हवी होती. एजंटचं नाव सरकारच्या यादीत आहे का, हे तिनं आधी पाहिलं. कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय निघणार नाही, असं त्यांना लिहून कळवलं. तिथं काम करणारी एक मुलगी आणि काम सोडून आलेली दुसरी, दोघींशी ती बोलली, आणि मला नुसतं शेजारी बसवून घेतलं. मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. मी इतकी फुगले होते, की भावजय म्हणाली, आक्काजी, पानी घ्या जरासं.

व्हिसा हातात आला तेव्हा भावानंही नाही म्हणणं सोडलं, आणि गोंदिया स्टेशनवर आम्ही तिला सोडायला गेलो. तिच्या कुडत्याला आतून मी खिसा शिवला होता, पासपोर्टसाठी. मालक देवमाणूस असला तरी पासपोर्ट त्याच्याकडे सांभाळायला द्यायचा नाही, असं बजावलं. भावानं तिची बॅग स्वतः चढवली, गाडी हलल्यावर रुमाल तोंडावर धरला, आणि माझ्याशी बोलायला लागला.

आठवड्यानं तिचा पहिला मोठा फोन आला. आम्ही सगळे भावाच्या ओसरीवर जमलो होतो. आणि तिनं जी सुरुवात केली! भात चिकट आहे. सोबतची मुलगी घोरते. उभं राहून पाय दुखतात. बूट चावतात. सगळीकडे माशांचा वास, आणि आपल्या तळ्यातल्या मासोळीची चव कशालाच नाही. भावजयीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ती माझा हात ओढत म्हणाली, "आक्काजी, पोरीले लय तरास आहे तिथं. वापस बोलवा तिले."

"रडते कायले?" मी म्हटलं. "बोलताना ती इकडंतिकडं पाहून राहिली का? कोनाची भीती आहे का तिले? ज्या घरात सून मोठ्यानं गाऱ्हाणं सांगते, ते घर चांगलं असते."

फोनमधून भाची ओरडत होती, "आत्या, ऐकून राहिली ना? सुपरवायझरचं तर सांगायचंच राहिलं!"

"सांग बापा," मी खाटेवर मांडी घालून बसले. "सगळं सांग."